गुऱ्हाळावरची झोळी

त्या वर्षी आमच्या देवघरातला दिवा माझ्या हातचा नव्हता. तिसरं मूल गेलं तेव्हापासून मी तुळजापूरच्या आईच्या टाकाला पाणी घालणं सोडून दिलं होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा चांदीचे ते एवढेसे टाक माझ्या सासूबाईंनी माझ्या ओंजळीत ठेवले होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. ते टाक मी आत्याबाईंना परत दिले आणि म्हटलं, तुमची देवी तुम्ही सांभाळा, माझ्यानं आता होत नाही. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्यांनी स्वतः पूजा केली आणि माझ्या हातात नुसता प्रसाद ठेवला. मी तो गाईला घातला. मी पहिल्यापासून तोंडाळ. माहेरी सगळे चिडवायचे की ही सरणावरसुद्धा उठून बसेल आणि लाकडं ओली आहेत म्हणून कुरकुर करेल. मग देवाशी भांडताना तरी मी कशाला मागं सरू?

आमचं गाव हसनाबादपासून फार लांब नाही. निजामाचं राज्य होतं, पण रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. घरी जमीन होती, बैल होते, गोठ्यात दूधदुभतं होतं. कमी म्हणावं असं काही नव्हतं, पोरं तेवढी टिकत नव्हती. दोन तर बाळंतपणाच्या खोलीतूनच गेली. तिसरा मुलगा भिंतीला धरून चालायला लागला, आजीच्या मागं मागं गोठ्यापर्यंत जायला लागला, आणि एका तापात गेला. त्याच्यासाठी मी केलं नाही असं काही उरलं नव्हतं. नवस झाले, उपास झाले, अनवाणी चालणं झालं. म्हणून चौथ्या खेपेला छबू झाली तेव्हा मी देवीकडे काही मागितलं नाही. मागून मिळालेलं परत जातं हे मी तीनदा पाहिलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. जिची लेकरं जगत नाहीत तिनं नवं लेकरू दुसऱ्या बाईच्या पदरात टाकायचं आणि 'हे तुझं' म्हणायचं. मग त्या बाईला सूपभर जोंधळे द्यायचे आणि तेच लेकरू तिच्याकडून परत घ्यायचं. त्या घरावर डोळा ठेवून बसलेलं जे काही असेल, त्याला वाटावं की हे लेकरू या घरचं नव्हेच. छबू झाली तेव्हा आत्याबाईंनी शेजारच्या एका लेकुरवाळ्या बाईला सांगूनही ठेवलं होतं. पण मी ठाम नाही म्हटलं. एवढं सोसून हाती आलेली पोर खोटंखोटंसुद्धा दुसरीची म्हणायची नव्हती मला. आमचे मालक माझ्या बाजूनं बोलले आणि विषय संपला. आजही त्यात माझं चुकलं असं मला वाटत नाही.

संक्रांत झाली आणि थंडी एकदम वाढली. छबूला दुसरं वर्ष लागलं होतं. आधी नाक वाहायला लागलं, मग खोकला, मग अंग तापलं. दोन दिवस मी मनाला सांगत होते की लहान मुलांना होतंच असं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं झबलं काढलं आणि मी आत्याबाईंना हाक मारली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि पोट भराभर उडत होतं. नाकपुड्या फुगत होत्या. आमच्याकडे याला डबा म्हणतात आणि ते नाव काढलं की बाया बोलायच्या थांबतात. आत्याबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, तेल चोळलं. गावातल्या वैद्यांनी पुड्या दिल्या, त्या तिच्या ओठांतून बाहेर आल्या. कुणी म्हणालं, पोटावर डाग द्या. तापलेली सळई माझ्या लेकराच्या अंगाजवळ आणली तर मी हात तोडीन असं मी म्हटलं, तेव्हा ते माणूस गेलं.

दुपारी शेजारच्या बाया येऊन बसल्या. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांचं बसणं मला ओळखीचं होतं. आधीच्या तिन्ही वेळी त्या अशाच भिंतीला टेकून, पदर डोक्यावरून ओढून बसल्या होत्या. एक म्हणाली की पोरीची जात आहे, तगेल. तिच्या मनात धीर द्यायचंच असेल, पण मला तिचा इतका राग आला की मी उठून आत गेले. आत देवघरात आत्याबाई टाकांपुढे डोकं टेकून होत्या. मला पाहून त्यांनी थोडी जागा करून दिली. मी बसले नाही. मला देवीशी भांडायचंही त्राण नव्हतं. भांडणाऱ्याला निदान समोरचा ऐकतो आहे असं वाटत असतं. मला वाटत होतं की तिथं चांदीचे चार पत्रे आहेत, बाकी काही नाही.

मालकांनी जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पहाटे दमणीला बैल जुंपले, आत कडबा अंथरला, वर घोंगड्या टाकल्या. आत्याबाईंनी छबूच्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या काही म्हणत न्हाई. पण रस्त्यात कुणी मायमाउली भेटली तर विचार कर."

वाटभर मी छबूला छातीशी धरून तिच्या श्वासाकडे कान लावून होते. वारा अंगाला झोंबत होता आणि दोन्ही बाजूंच्या रानात हरभरा घाट्यावर आलेला होता. आधी ती कण्हत होती, मग कण्हणंही थांबलं. मी त्या वाटेवर देवाचं नाव घेतलं नाही. मी काय करत होते ते सांगायला जड जातं, पण सांगते. हिला कोणत्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचं, हे मी मनात ठरवत होते. तीनदा केलेलं काम असलं की मन आपोआप पुढे जातं. मालक पुढे बसून बैलांना हाकत होते. ते एकदाही मागे वळून पाहत नव्हते, आणि का पाहत नव्हते ते मला कळत होतं.

राजूरच्या अलीकडे उजव्या बैलाची नाल निसटली. थोडं अंतर तो चालला, मग पाय टेकवेना. जवळच एका मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. तिथं बैल मिळेल म्हणून मालकांनी दमणी तिकडे वळवली. मळ्याचे धनी भले होते, त्यांनी लगेच बैल द्यायचं कबूल केलं. पण त्यांचे बैल ऊस पिळायच्या चरकाला जुंपलेले होते. एवढा रस निघाला की सोडतो, तोवर बसा, असं ते म्हणाले. गुऱ्हाळावर आलेल्याला रस दिल्याशिवाय सोडत नाहीत, तसा मलाही कुणी तांब्याभर रस आणून दिला. तो तांब्या माझ्यासमोर तसाच राहिला.

माझं लक्ष मांडवाकडे होतं. कुडाच्या मांडवात मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि त्याची दाट वाफ छपराखाली भरून राहिली होती. बाहेर वाऱ्यानं माझे दात वाजत होते. निदान ऊब तरी मिळेल म्हणून मी छबूला घेऊन आत जायला निघाले, तर गूळ करणारा म्हातारा गुळव्या आडवा आला. त्याच्या हातात लांब दांड्याचं फावडं होतं.

"बाई, आजारी लेकरू आत आणू नका," तो म्हणाला. "परक्या माणसाची सावली आधणावर पडली की गूळ बसत न्हाई. रागावू नका, धन्याचा सालभराचा ऊस हाय."

तो उद्धट नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता. एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मी मुकाट्यानं मागे फिरले आणि बाभळीखाली जाऊन बसले. छबूचे ओठ काळेनिळे पडले होते. तिची मान एका बाजूला कलली होती. मी मालकांना हाक मारली नाही, कारण हाक मारून त्यांना दाखवायचं काय?

चुलवणात चिपाडं सारणारी एक बाई मघापासून माझ्याकडे बघत होती. चिपाडं म्हणजे रस काढून उरलेला वाळका ऊस, तोच जाळून काहील तापवतात. ती काम टाकून माझ्याजवळ आली आणि उकिडवी बसली. वयानं माझ्याच बरोबरीची असेल. हातांना कोपरापर्यंत काजळी लागली होती, लुगड्याला ठिगळं होती. तिनं छबूच्या कपाळाला हात लावला नाही, नुसतं बघितलं.

"डबा झाला का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "कितवी हाय?"

"चौथी. आधीची तिन्ही गेली."

"मंग कुणाच्या पदरात न्हाई टाकली?"

मी नाही म्हटलं. तिनं आपला पदर कमरेतून सोडला, झटकला आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी पसरला.

मी त्या पदराकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मग मी छबूला उचललं आणि त्यात ठेवलं. "ही तुझी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. रीत पाळायची म्हणून मी हे केलं नव्हतं. ती जगावी म्हणूनही दिली नव्हती. ती माझ्या मांडीवर मरू नये म्हणून मी तिला दिली. चौथ्यांदा ते बघायची ताकद माझ्यात नव्हती. माझे हात रिकामे झाले आणि मी तिथंच मातीत कपाळ टेकवलं. तो नमस्कार नव्हता, मान धरवत नव्हती एवढंच.

ती बाई छबूला घेऊन मांडवाकडे गेली. गुळव्यानं विचारलं, लेकरू कुणाचं. "माझं हाय," ती म्हणाली, "आत्ताच दिलंय मला." म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फावडं बाजूला घेतलं. कामावरच्या बाईचं लेकरू परकं नव्हतं, त्याला मांडवात यायला मनाई नव्हती. तो एवढंच म्हणाला, "चुलवणाकडं नको, धूर लागंल. काहिलीच्या अंगाला घे."

तिथं मांडवाच्या दोन मेढींना जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती. झोळी रिकामी होती. तिनं छबूला त्यात निजवलं. वाफ झोळीवरून जात होती, इतकी की मला मधूनच दोघी दिसेनाशा व्हायच्या. मी मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिले. मला कुणी आत या म्हटलं नाही आणि मीही पाऊल टाकलं नाही. मग माझ्या मनात पाल चुकचुकली. मांडवात दुसरं लेकरू कुठेच दिसत नव्हतं. मी तिला विचारलं की झोळी कुणाची.

"माझ्या पोरीची. संक्रांतीच्या आधी गेली," ती झोका देत म्हणाली. "तिलाबी असंच झाल्तं."

हाच आजार, हीच झोळी, हीच वाफ, आणि तरी ते लेकरू वाचलं नव्हतं. मेलेल्या लेकराच्या झोळीत जितं लेकरू कुणी निजवतं का? मी मांडवात शिरले आणि छबूला उचलायला हात पुढे केला. तेव्हा त्या बाईनं माझ्या मनगटाला हात लावला, अगदी हलकाच.

"आता माझी हाय न ती?" तिनं विचारलं.

तिच्या बोलण्यात जोर नव्हता. तिचे डोळे झोळीवरच होते. माझ्याआधी किती दिवस ती त्या रिकाम्या झोळीकडे बघत चिपाडं सारत होती, ते मला त्या क्षणी दिसलं. मी दिलेलं होतं. दिलेलं काढून घेणाऱ्यावर तर मी आयुष्यभर चिडले होते. मी हात मागे घेतला आणि कुडाला टेकून खाली बसले.

त्यानंतर मी काही केलं नाही. मनात नवस आला नाही, नाव आलं नाही, मागणं आलं नाही. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून ती बाई पुन्हा चिपाडं सारायला बसली. झोळी हलत होती. रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता, चरक करकरत होता. मध्ये केव्हातरी तिनं बोट ताज्या रसात बुडवून छबूच्या ओठांना लावलं. मालक आले, त्यांनी झोळी पाहिली, मला पाहिलं आणि तेही माझ्याजवळ बसले. बैल सोडले तरी आम्ही उठलो नाही. उन्हं तिरपी झाली. मला वाटलं, आता संपलं असेल आणि कुणी सांगायला धजत नसेल.

काहील उतरवायची वेळ झाली तेव्हा झोळीतून खोकला आला. खोल, ओला खोकला. मग आणखी एक, आणि पोरीनं भडाभडा चिकट कफ ओकला. त्या बाईनं तिला पालथी धरली, पाठ चोळली, पदरानं तोंड पुसलं. आणि छबू रडली. इतके दिवस तिच्यात रडायचा दम नव्हता. ते रडणं ऐकून गुळव्याचं फावडं थांबलं. ओठांचा रंग अजून परतला नव्हता, अंग तसंच तापलेलं होतं, पण ती रडत होती आणि रडायला श्वास लागतो.

बाईनं तिला माझ्याकडे आणलं. "भूक लागली हिला," ती म्हणाली. "माझ्या पोरीला पाजा."

छबूनं दूध ओढलं. थोडंच ओढलं, पण ओढलं. मालक उठून बैलांकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले.

रात्र आम्ही तिथंच मांडवात काढली आणि सकाळी धन्यांचा बैल जुंपून जालन्याला पोचलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या. एका फुफ्फुसात अजून खूप कफ आहे म्हणाले, आणि ते खरंच होतं. पुढे बरेच दिवस पोरगी खाली-वर होत राहिली. नात्यातल्या एका घरी आम्ही मुक्काम केला. मधल्या काळात दोनदा मला वाटलं की गेलीच. त्या वेळी मी तिला धरून बसायचे आणि मला सारखं ते वाक्य आठवायचं, आता माझी हाय न ती. मला त्याचा आधार वाटायचा. मी एका परक्या बाईचं लेकरू सांभाळत होते. सांभाळणं तेवढं माझ्याकडे होतं, बाकीचं माझ्याकडे नव्हतं. कसं सांगू, पण त्यामुळे माझं मन आपोआप पुढे जायचं थांबलं.

पोर बरी होऊन घरी आली आणि आत्याबाईंनी सूप काढलं. त्यात जोंधळे भरले, वर खण ठेवला, हळदकुंकू ठेवलं. रीत पुरी करायची होती, पोर परत घ्यायची होती. आम्ही दमणीनं पुन्हा त्या मळ्यात गेलो. गुऱ्हाळ अजून चालू होतं आणि ती बाई चुलवणाशीच बसलेली होती. छबूला पाहून तिनं हात धुतले, तिला कडेवर घेतलं आणि तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या. पोर खिदळली. झोळी अजून तिथंच बांधलेली होती. मी सूप पुढे केलं आणि म्हटलं, हे घे आणि माझी लेक मला परत दे.

तिनं सुपाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"नका वो परत घेऊ, आक्का," ती म्हणाली. "माझी म्हणून जगली ती. माझीच राहू द्या. सांभाळा तुम्ही. मला ठावं राहील, एक हाय म्हणून."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिच्या हातांची काजळी माझ्या लुगड्याला लागली. जाताना ते सूप मी गुळव्यापाशी ठेवलं, सगळ्यांना भाकरीला होतील म्हणून. परतीच्या वाटेवर छबू माझ्या मांडीवर झोपली होती आणि मालक या वेळी सारखे मागे वळून बघत होते.

घरी आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "घेतली का परत?"

"न्हाई," मी म्हणाले. "तिनं दिली न्हाई."

मला वाटलं, आता त्या बोलतील. पण त्या 'बरं झालं' म्हणाल्या आणि आत जाऊन टाकांचं तबक घेऊन आल्या. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी हातपाय धुतले, टाकांना पाणी घातलं, दिवा लावला आणि किती तरी काळानं त्यांच्यापुढे बसले. मला काही मागायचं सुचेना. जी एक गोष्ट मी इतकी वर्षं मागत होते, जिच्यासाठी भांडत होते, ती आता माझी नव्हतीच. मग मी त्या बाईसाठी हात जोडले. दुसऱ्या कुणासाठी हात जोडायची ती माझी पहिलीच वेळ.

पुढच्या हंगामात ती बाई गुऱ्हाळावर आली नाही. तिचा घरधनी तिला गंगेकडच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, कुठल्याशा गावी घेऊन गेला, एवढंच गुळव्याला माहीत होतं. ती देवी होती का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी म्हणते, मला माहीत नाही, पण तिची पोर गेलेली होती आणि तिनं पदर पसरला. छबू आता आजी झाली आहे. ती माहेरी आली की भांडते, कुरकुरते, तोंडाळपणात माझ्या वरताण आहे. ती परत जाताना मी दारात उभी राहते आणि देवीला, माझ्या लेकीला सांभाळ, असं म्हणत नाही. मी म्हणते, आई, त्या बाईच्या लेकीला सांभाळ.